आधी ताळा, मग नवे पान

बेंगळुरूच्या पूर्वेस, जुना मद्रास रस्ता आणि शहराचा बाह्यवळण रस्ता जेथे एकमेकांस मिळतात, तेथे कृष्णराजपुरम हे उपनगर वसले आहे. सर्वांच्या तोंडी त्याचे नाव के. आर. पुरम असेच आहे. शेजारच्या वसाहतीला दूरवाणीनगर म्हणतात. कन्नड भाषेत दूरध्वनीला ‘दूरवाणी’ असा शब्द आहे आणि १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी उद्योगामुळे त्या वसाहतीला हे नाव लाभले. रेल्वेचे इंजिन शेड, २००३ साली वाहतुकीस खुला झालेला केबलचा पूल आणि पुढे व्हाइटफील्डपर्यंत पसरलेली माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये पाहिली की, यंत्रांशी या परिसराचे नाते किती जुने आहे हे ध्यानात येते. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबेही आता या परिसराचाच भाग झाली आहेत.

या परिसराने २०२३ साली एक गोष्ट जवळून अनुभवली. त्या वर्षी २५ मार्च रोजी व्हाइटफील्ड ते कृष्णराजपुरम या मेट्रो मार्गाचे उद्घाटन झाले. शहराच्या बाजूने येणारी आधीची मेट्रो मात्र बैयप्पनहळ्ळीपर्यंतच येत होती. मधला सुमारे दोन किलोमीटरचा तुकडा सुरू होण्यास ९ ऑक्टोबर २०२३ उजाडले. तोवर साडेसहा महिने प्रवाशांना एका मेट्रोतून उतरून बसने दुसऱ्या मेट्रोपर्यंत जावे लागे. जुना मार्ग उत्तम होता आणि नवाही उत्तम होता. सारी अडचण होती ती दोहोंना जोडणाऱ्या तुकड्यात.

घरातील किंवा दुकानातील संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना हाच अनुभव येतो. जुनी प्रणाली वर्षानुवर्षे चाललेली असते, नवीही चांगलीच असते; परंतु जुन्यातून नव्यात जाण्याच्या तास-दोन तासांत काही बिघडले, तर दहा-पंधरा वर्षांचा संचय एका क्षणात नाहीसा होऊ शकतो. त्या मधल्या तुकड्यावरून सुखरूप नेणारी बस म्हणजे आधी काढून ठेवलेली राखीव प्रत, अर्थात बॅकअप. ही प्रत कशाची काढावी, कोठे ठेवावी आणि ती खरोखरच उपयोगी पडेल याची खात्री कशी करावी, याचा येथे विचार करू.

जुने सोडावे तरी का?

ऑपरेटिंग सिस्टिम हा संगणकाचा कारभारी होय. कळफलकावरून आलेली आज्ञा ऐकणे, फाइली जागच्या जागी ठेवणे, छपाईयंत्राला कागद मागणे आणि आगंतुकांना दारातच अडवणे ही सारी कामे त्याची. संगणक चालू आहे, पत्रे लिहिता येतात, छायाचित्रे दिसतात, मग हा कारभारी बदलण्याचा खटाटोप कशासाठी, असे अनेकांना वाटते. ते स्वाभाविकही आहे.

परंतु प्रत्येक प्रणालीला निर्मात्याकडून मिळणाऱ्या देखभालीची मुदत असते. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि २९ जुलै २०१५ रोजी अवतरलेल्या विंडोज १०ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुदत संपल्यावर संगणक बंद पडत नाही. मात्र, प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे येईनाशा होतात. घराच्या दाराचे कुलूप तेच राहते. फक्त त्याची बनावट किल्ली चोरांच्या हाती लागली, तरी कुलूप बदलून देणारा कोणी उरत नाही.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगातील सुमारे दीडशे देशांत थैमान घातले. संगणकातील फाइली कुलूपबंद करून तो पैसे मागत असे. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने तत्पूर्वी दोन महिने, म्हणजे मार्चमध्येच, चालू प्रणालींसाठी दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती किंवा ज्यांची प्रणालीच कालबाह्य झाली होती, ते सापडले. आपल्या रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना आदेश दिला की, देखभालीची मुदत संपलेल्या प्रणालींवर चालणारी सर्व एटीएम यंत्रे टप्प्याटप्प्याने अद्ययावत करून हे काम जून २०१९ पर्यंत पूर्ण करावे. ज्या कारणासाठी एटीएममधील प्रणाली बदलावी लागली, तेच कारण घरच्या संगणकालाही लागू पडते. इंटरनेट बँकिंग करणाऱ्या ग्राहकाने तर याबाबत चालढकल करूच नये.

पाऊल कोठे घसरते?

आजकाल प्रणाली बदलण्याची प्रक्रिया बहुतेक वेळा सुरळीत पार पडते. नेमक्या याच कारणामुळे बॅकअपचा कंटाळा केला जातो. ‘आपल्या फाइली आहेत तशाच राहतील’ असे पडद्यावर लिहून येते आणि ते बहुधा खरेही ठरते. परंतु ‘बहुधा’ या शब्दावर बँकेत कोणी रोकड सोपवत नाही.

ऑक्टोबर २०१८ मधील घटना येथे आठवावी. त्या महिन्याच्या २ तारखेस विंडोज १०ची मोठी सुधारित आवृत्ती प्रसृत झाली. लगेचच जगभरातून तक्रारी आल्या की, ती बसवल्यानंतर ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ अशा फोल्डरांतील फाइली नाहीशा झाल्या. काही दिवसांतच कंपनीला तिचे वितरण थांबवावे लागले. कारण शोधले असता असे आढळले की, काहींनी आपले ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर पूर्वी कधीतरी दुसऱ्या ठिकाणी हलवले होते, पण जुन्या जागीही काही फाइली राहून गेल्या होत्या. नव्या आवृत्तीने ते जुने फोल्डर निरुपयोगी समजून आतील फाइलींसह काढून टाकले. कंपनीच्या सांगण्यानुसार प्रत्यक्ष तक्रारींचे प्रमाण शंभर टक्क्यांतील एक शतांश टक्का इतकेच होते. दोष दूर करून १३ नोव्हेंबर २०१८ रोजी ती आवृत्ती पुन्हा वितरित झाली. दहा हजारांत एक हे प्रमाण कागदावर नगण्य दिसते. मात्र त्या एकाचे नुकसान शंभर टक्के असते. शिवाय त्याने कोणतीही चूक केलेली नव्हती.

याखेरीज नेहमीची कारणे आहेतच. काम अर्धे झाले असताना वीज जाते आणि संगणकाला यूपीएस नसतो. जुनी हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असते आणि नेमके एवढे मोठे काम तिला सोसत नाही. संगणक दुरुस्तीसाठी दिलेला असतो आणि तेथील मुलगा ‘सगळे स्वच्छ करून देतो’ म्हणून डिस्क फॉरमॅट करतो. तिसरी एक अडचण अलीकडची आहे. नव्या प्रणालीच्या अनेक संगणकांत डिस्कवरील माहिती बिटलॉकर नावाच्या व्यवस्थेने आपोआप कूटबद्ध होते. प्रणालीत किंवा यंत्रात मोठा बदल झाल्यास संगणक क्वचित ४८ अंकी किल्ली मागतो. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण त्या खात्याचा पासवर्डच आठवत नसेल तर स्वतःच्या घराबाहेर उभे राहण्याची पाळी येते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ही किल्ली शोधून कागदावर उतरवावी आणि इतर महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.

जे पुन्हा मिळते आणि जे मिळत नाही

पासबुक हरवले तर बँक दुसरे देते. मुदत ठेवीची पावती गहाळ झाली, तर रीतसर अर्जावर तिची दुय्यम प्रत मिळते. पॅन कार्ड पुन्हा मिळते आणि आयकर विवरणपत्राची प्रत खात्याच्या संकेतस्थळावरून काढता येते. या सर्वांची मूळ नोंद अन्यत्र सुरक्षित असल्यामुळे हे शक्य होते. घरच्या संगणकातील आजोबांच्या पंचाहत्तरीची छायाचित्रे, आईच्या आवाजातील ओव्यांचे ध्वनिमुद्रण किंवा बारा वर्षे जमवलेला कुळाचा वृत्तांत यांची मूळ नोंद मात्र तो संगणक हीच असते. तेथून ती गेली की अर्ज करण्यासाठी कोणतेही कार्यालय नाही.

म्हणून बॅकअपची यादी करताना प्रत्येक वस्तूबाबत एकच प्रश्न विचारावा : ही गोष्ट अन्य कोठून पुन्हा मिळेल काय? चित्रपट आणि प्रोग्राम पुन्हा मिळतात. त्यांच्यासाठी जागा अडवण्याचे कारण नाही. जे पुन्हा मिळणार नाही, त्याला यादीत पहिला मान द्यावा.

यादी तयार करताना काही ठिकाणे हमखास विसरली जातात. बहुतेकांच्या फाइली ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असण्याऐवजी पडद्यावरच, म्हणजे ‘डेस्कटॉप’वर, किंवा ‘डाउनलोड्स’मध्ये पडून असतात. ई-मेल संगणकावर उतरवून घेणारा प्रोग्राम वापरत असल्यास जुनी पत्रे त्याच्या स्वतंत्र फाइलीत असतात. छोटा व्यापारी टॅलीसारख्या प्रोग्राममध्ये हिशेब ठेवतो. त्या प्रोग्राममधील बॅकअपची सोय वापरून कंपनीनिहाय हिशेबाची प्रत काढावी, कारण जीएसटीची विवरणपत्रे भरली असली, तरी खातेवही मात्र त्याच्याच संगणकात असते. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा ड्रायव्हर कोठून मिळाला होता ते लिहून ठेवावे. प्रोग्रामांचे परवाना क्रमांक आणि ब्राउझरमध्ये साठवलेल्या पत्त्यांची यादीही याच वेळी उतरवून घ्यावी. इंटरनेट बँकिंगचा पासवर्ड मात्र कोणत्याही फाइलीत लिहून ठेवू नये. ज्याची प्रत निघता कामा नये अशी ती एक गोष्ट आहे.

अक्षरे राहतात, भाषा हरवते

मराठी माणसाच्या संगणकात आणखी एक जोखीम दडलेली असते आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विंडोज २०००पासून या प्रणालीत युनिकोड पद्धतीने देवनागरी लिहिण्याची सोय आली. परंतु पुढेही कित्येक वर्षे मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव आणि तत्सम फॉन्टांतच टंकलिखित होत राहिला. लग्नपत्रिका, सोसायटीची इतिवृत्ते, मंडळांच्या स्मरणिका, वकिलांचे मसुदे आणि अनेकांच्या कविता या फॉन्टांत आहेत.

या जुन्या फॉन्टांची युक्ती अशी होती की, संगणकाच्या लेखी ती अक्षरे रोमन लिपीतीलच असत. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचे रूप देई. अशी फाइल जपून नेली, पण फॉन्ट मागेच राहिला, तर नव्या संगणकावर मराठी मजकुराऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग दिसते. फाइल आहे, तिचा आकारही बरोबर आहे, पण ती वाचता येत नाही. काही मराठी प्रोग्राम संगणकाला जोडलेल्या छोट्या कुलपाशिवाय चालत नसत. ते कुलूप जोडण्याची जुनी खाचच नव्या यंत्रांत उरलेली नाही.

यावर उपाय सोपा आहे, परंतु तो जुना संगणक चालू असतानाच करावा लागतो. अशा फाइली जुन्या संगणकावर उघडाव्यात, मजकूर नीट दिसतो ना ते पाहावे आणि प्रत्येकीची पीडीएफ प्रत करून ठेवावी. पीडीएफमध्ये सहसा फॉन्टही सोबत बांधला जातो, त्यामुळे ती कोणत्याही यंत्रावर वाचता येते. फॉन्टच्या फाइलींचीही स्वतंत्र प्रत घ्यावी. ज्या मजकुरात पुढे बदल करायचे असतील, तो परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ मजकुराशी एकदा वाचून पाहावा. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहण्याचा संभव असतो.

प्रती किती आणि कोठे?

पीटर क्रोग या छायाचित्रकारांनी रूढ केलेला एक नियम आता जगभर मानला जातो. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. संगणकातील मूळ फाइल ही पहिली प्रत. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क ही दुसरी. इंटरनेटवरील साठवण किंवा दुसऱ्या गावी ठेवलेली डिस्क ही तिसरी.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. ‘सी ड्राइव्हमधील फाइली डी ड्राइव्हमध्ये टाकल्या, म्हणजे बॅकअप झाला’ असे अनेकजण मानतात. हे दोन्ही ड्राइव्ह पुष्कळदा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. कपाट जळाले तर वरचा आणि खालचा कप्पा असा भेद राहत नाही. दुसरा गैरसमज इंटरनेटवरील साठवणीबद्दल आहे. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हशी जोडलेले फोल्डर संगणकाबरोबर सतत जुळवले जाते. त्यामुळे संगणकावर खोडलेली फाइल तेथूनही खोडली जाते. काही दिवस ती त्यांच्या कचरापेटीत राहते, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. म्हणून जोडलेल्या फोल्डराखेरीज एक स्वतंत्र प्रत हवीच. ती प्रत घेतलेली डिस्क काम झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवावी, म्हणजे प्रणाली बदलताना होणारी चूक किंवा एखादा खंडणीखोर प्रोग्राम तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व बेंगळुरूच्या पूर्व भागातील रहिवाशांना वेगळे सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यातील पावसात बाह्यवळण रस्ता, बेलंदूर आणि महादेवपुरा या भागांत पाणी शिरले आणि ट्रॅक्टरमधून कार्यालये गाठणाऱ्यांची छायाचित्रे देशभर झळकली. के. आर. पुरमजवळच्या होरमावू भागातील साई लेआउट मे २०२५ मध्ये पुन्हा पाण्याखाली गेला. तळमजल्यावरील घरात संगणक आणि त्याच्या शेजारच्या खणात बॅकअपची डिस्क असेल, तर पाणी दोहोंना एकाच वेळी गाठते. महाराष्ट्रातील वाचकांना २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेली आग आठवत असेल. त्या आगीत माणसांचे बळी गेले, वरच्या मजल्यांवरील कार्यालये भस्मसात झाली आणि ज्या कागदपत्रांची दुसरी प्रत नव्हती, ती पुन्हा उभी करण्याचे काम प्रशासनाच्या माथी आले.

सामान्य कुटुंबाने यासाठी फार खर्च करण्याची आवश्यकता नाही. एक डिस्क घरी ठेवावी आणि दुसरी सुटीत गावी जाताना बेळगाव, कोल्हापूर किंवा सोलापूरच्या घरी नेऊन ठेवावी. ज्यांच्याकडे बँकेचा लॉकर आहे, त्यांना दागिन्यांच्या शेजारी एक छोटी डिस्क ठेवता येईल. मात्र, अशी डिस्क वर्षातून एकदा तरी जोडून पाहावी. न वापरलेले यंत्रही कालांतराने दगा देते.

बँकेची जुनी सवय

बँकेच्या कामकाजात एक शिस्त फार पूर्वीपासून आहे. दिवसभराच्या नोंदी कितीही सुबक अक्षरांत लिहिल्या, तरी ताळा जुळल्यावाचून दिवस संपत नाही. शाखेतील अधिकारी बदलला की, नवा अधिकारी जुन्यावर कितीही विश्वास असला तरी रोकड, चाव्या आणि तारण कागदपत्रे मोजून घेतो आणि मगच सही करतो. यात कोणी कोणाचा अपमान मानत नाही.

संगणक आले तेव्हाही ही सवय सुटली नाही. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली. त्यानंतर शाखांत संगणक बसू लागले, तेव्हा दिवसअखेरीची प्रत फ्लॉपीवर किंवा टेपवर घेणे आणि एक प्रत शाखेबाहेर ठेवणे हा नित्यक्रम झाला. पुढे शाखा कोअर बँकिंग प्रणालीत गेल्या, तेव्हा जुन्या आणि नव्या प्रणालीतील खातेनिहाय शिलका जुळवून पाहण्यात कर्मचाऱ्यांच्या रात्री गेल्या. त्या रात्री शाखेत काम केलेल्यांना हे आजही आठवत असेल. लाखो खाती एका प्रणालीतून दुसरीत गेली आणि ग्राहकाच्या पासबुकातील आकडा तोच राहिला, यामागे ती जुळवणी होती.

घरचा संगणक बदलताना उणीव राहते ती नेमकी येथेच. प्रत काढली जाते, पण तिचा ताळा कोणी पाहत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस खोडला गेला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. गरज पडली तेव्हा त्यांपैकी एकही भरवशाची निघाली नाही. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सुदैवाने सापडली, तिच्यावरून काम पुन्हा उभे करावे लागले आणि मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. कंपनीने ही हकीकत प्रामाणिकपणे सर्वांसमोर मांडली, म्हणून ती आज इतरांना उपयोगी पडते. संगणक हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांची ही कथा. मग घरी घेतलेल्या प्रतीबद्दल निश्चिंत राहण्याचे काय कारण?

मराठी परंपरेलाही ही गोष्ट नवीन नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिल्या आणि नकला करता करता त्यांत अशुद्धे शिरली. शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, संत एकनाथांनी निरनिराळ्या प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला. प्रती तोवर पुष्कळ होत्या. उणीव होती ती त्या तपासून पाहणाऱ्याची.

ताळा कसा पाहावा?

हे काम अर्ध्या तासाचे आहे. मूळ फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले असता आतील फाइलींची संख्या आणि एकूण आकार दिसतो. बॅकअपच्या डिस्कवरील त्याच फोल्डरची संख्या आणि आकार शेजारी लिहावा. दोन्ही जुळले म्हणजे शिल्लक जुळली. त्यानंतर ती डिस्क शक्य असल्यास दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि काही फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात. सर्वांत जुनी एक, सर्वांत नवी एक, सर्वांत मोठी एक, एखादे छायाचित्र, एखादे ध्वनिमुद्रण आणि एक मराठी मजकूर, एवढ्या तरी उघडाव्यातच. टॅलीची प्रत असल्यास ती दुसऱ्या यंत्रावर पुनःस्थापित करून ताळेबंद पाहावा.

हे झाल्यावरच प्रणाली बदलण्यास हात घालावा. त्यापूर्वी संगणक नव्या प्रणालीस योग्य आहे किंवा नाही हे तपासावे; विंडोज ११ला जुनी अनेक यंत्रे चालत नाहीत. लॅपटॉप विजेला जोडलेला असावा, मेजावरील संगणकाला यूपीएस असावा आणि दुसऱ्या दिवशी विवरणपत्र भरण्याची अखेरची तारीख नसावी. काम दुकानातून करून घ्यायचे असल्यास, बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर असो वा गल्लीतील दुकानात, प्रत आधी घरी काढावी, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाकावेत आणि मगच संगणक द्यावा. ‘तुमची विंडोज कालबाह्य झाली आहे, आम्ही दुरुस्त करून देतो’ असा दूरध्वनी आला, तर तो ठेवून द्यावा. अशा अनोळखी व्यक्तीच्या हाती संगणकाचा ताबा देणे म्हणजे खात्याचा ताबा देणे होय.

नवी प्रणाली बसल्यावरही घाई करू नये. त्याच संगणकावर वरच्या वर प्रणाली बदलली असल्यास जुन्या प्रणालीकडे परतण्याची सोय साधारणतः दहा दिवस राहते. त्या अवधीत छपाईयंत्र, स्वाक्षरीचे टोकन, हिशेबाचा प्रोग्राम आणि मराठी टंकलेखन एकदा वापरून पाहावे. बॅकअपची डिस्क किमान एक महिना तरी तशीच ठेवावी. तिच्यावर नवे काही लिहू नये. जुना संगणक कोणास द्यायचा असेल, तर त्यातील माहिती कायमची पुसून मगच द्यावा.

एकंदरीत, प्रणाली बदलणे टाळता येणार नाही आणि टाळूही नये. दर काही वर्षांनी नवी प्रणाली येईल, जुनीची मुदत संपेल आणि हा टप्पा पुन्हा ओलांडावा लागेल. डिस्कची किंमत आणि अर्धा दिवस एवढाच त्याचा खर्च आहे. दिवाळीपूर्वी घर झाडून घेतो आणि मार्चअखेर हिशेब जुळवतो, त्याप्रमाणे वर्षातून एक दिवस यासाठी राखून ठेवावा. त्या दिवशी घरातील थोरांनी आणि मुलांनी एकत्र बसून यादी करावी, प्रत काढावी आणि ती उघडून पाहावी. जुनी छायाचित्रे पाहता पाहता ताळाही होऊन जाईल.